शॉट ग्लासातला पांढरा रस्सा: कोल्हापुरातल्या एका क्लब लाउंजमधले दोन दिवस

राजारामपुरीत मी एकवीस वर्षं खानावळ चालवते. दोन वेळची मिळून साठ-सत्तर ताटं होतात. त्यामुळे कुठंही जेवायला गेले की माझं लक्ष आधी भांड्यांकडं जातं आणि मग ताटाकडं. पातेल्यात डाव कसा ठेवलाय, वाढणाऱ्याचं नख कसं आहे, संपलेलं भांडं किती वेळानं भरतात. आमच्या ह्यांना या सवयीचा वैताग येतो. पण सवय ती सवय.

दुबईहून पुतणी आली होती, नवरा आणि नऊ वर्षांच्या लेकीला घेऊन. शुक्रवारी अंबाबाईची ओटी भरायची होती. आमच्या घरी न्हाणीघराची फरशी उचकटलेली, गवंडी चार दिवसांपासून 'उद्या येतो' म्हणतोय. तिनं सरळ शहरातल्या एका मोठ्या हॉटेलात गुरुवार-शुक्रवारसाठी दोन खोल्या घेतल्या, एक त्यांना आणि एक आम्हाला. दोन्ही 'क्लब' खोल्या. खानावळ हाताखालच्या बाईवर सोपवली आणि एकवीस वर्षांत पहिल्यांदा सलग दोन दिवस चुलीपासून लांब राहिले.

हॉटेलचं नाव लिहीत नाही. तिथली दोन पोरं माझ्याकडं जेवून शिकलीत, त्यांच्या नोकरीवर बेतायला नको.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. क्लब खोली म्हणजे खोली साधारण तीच, पण सोबत वरच्या मजल्यावरच्या एका हॉलमध्ये बसायची मुभा. लिफ्टमध्ये कार्ड लावल्याशिवाय तो मजला लागत नाही. सकाळी नाश्ता, दिवसभर चहा-कॉफी-बिस्किटं, दुपारी साडेतीनला थोडं गोड-तिखट आणि संध्याकाळी सहा ते आठ दारू आणि खायचं. शिवाय रोज दोन कपडे फुकट इस्त्री करून मिळतात. साध्या खोलीपेक्षा रात्रीला 3,800 रुपये जास्त. पैसे पुतणीचे होते, तरी हिशोब माझ्या डोक्यात सुरूच.

पहिली अडचण दारातच. पाटीवर नियम होते, त्यात एक असा की स्लिपर घालून येऊ नये. आमच्या ह्यांच्या पायात कापशी, म्हणजे कोल्हापुरीच चप्पल. दारातली मुलगी नम्र होती, पण खाली बघून जरा घुटमळली आणि हिंदीत म्हणाली, 'सर, बंद जूते हों तो...' हे म्हणाले, 'बाई, मी कोल्हापुरात आहे न्हवं?' आता बघा, 2019 साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. 2025 साली इटलीतल्या प्राडा कंपनीनं मिलानच्या फॅशन शोमध्ये तसल्याच चपला पोरांच्या पायात घातल्या आणि आपल्याकडं केवढा गदारोळ झाला. आणि इथं कोल्हापुरातच ती चप्पल दारात अडलेली. शेवटी आतून एकजण आला आणि ही स्लिपर नव्हे, सँडल आहे, असा निकाल देऊन मोकळा झाला. आम्ही आत गेलो. हॉलमध्ये इतकी शांतता की ह्यांच्या चपलेची करकर खिडकीपर्यंत ऐकू गेली. लॅपटॉप उघडून बसलेल्या चौघांनी माना वर केल्या. हे मुद्दाम सावकाश चालले.

जागा खरंच सुंदर आहे. उत्तरेकडची भिंत सगळी काचेची. आभाळ निवळलं की जोतिबाचा डोंगर दिसतो. खुर्च्या अशा की बसलं की उठवत नाही. मी एकटीच असते तर नुसती बसून राहिले असते आणि पैसे वसूल झाले म्हटलं असतं. पण सहा वाजले आणि झाकणं उघडली.

गुरुवारच्या संध्याकाळी काय होतं? टूथपिक टोचलेला पनीर टिक्का, चिकनचे बारके कबाब, वडापावची पिल्लं, चीज, द्राक्षं, आणि मधोमध काचेच्या शॉट ग्लासांत तांबडा आणि पांढरा रस्सा. ग्लास ओळीनं मांडलेले, एक लाल एक पांढरा, वर कोथिंबिरीचं एकेक पान. पुतणीच्या नवऱ्यानं आधी फोटो काढला. आमच्यात गुरुवार पाळत नाहीत, तेव्हा मी पांढरा उचलला.

पांढरा रस्सा करायला हात सैल लागतो आणि लक्ष घट्ट. मटण शिजवलेलं अळणी पाणी, त्यात खसखस, तीळ आणि काजूचं वाटण, खडा मसाला, आणि शेवटी नारळाचं दूध. नारळाचं दूध पडलं की उकळी येऊ द्यायची नाही. आली की फाटतो, वर तेल आणि खाली चोथा. म्हणून खानावळीत मी पांढरा थोडा थोडा करते, कढत करते आणि लगेच वाढते. लाउंजमध्ये हे जमणं अवघडच. झाकणाच्या भांड्याखाली जेलचा डबा जळत असतो, त्याची आच धड कमीही नाही आणि धड जास्तही नाही. दोन तास रस्सा फाटू द्यायचा नाही म्हटलं की एकच उपाय उरतो, कॉर्नफ्लोअर. मी ग्लासात चमचा बुडवून उलटा धरला. रस्सा चमच्याच्या पाठीला कस्टर्डसारखा चिकटून राहिला. खऱ्या पांढऱ्याचा चमचा पुसल्यासारखा निघतो, नुसता तुपकट ओलावा राहतो. चवीला वाईट नव्हता. मटणाचं पाणी खरं होतं, तेवढं मी मान्य करते. पण ओठाला लागला तेव्हा कोमट होता आणि काचेच्या कडेला चरबीची पांढरी रेघ धरलेली.

तांबड्याचं दुखणं वेगळं. रंग झकास, तिखट नाही. काश्मिरी मिरचीवर भागवलेलं. आमच्याकडं चटणी म्हणतात ती, म्हणजे कांदा-लसणाची, तिचा वाससुद्धा नव्हता. बाहेरच्या पाहुण्यांना झेपत नाही म्हणून केलं असेल. पण बाहेरचा पाहुणा इथं येतो तो झेपत नाही ते खायलाच ना?

भांड्यांकडं लक्ष होतंच. कबाबांचा ट्रे साधारण वीस तुकड्यांचा, हॉलमध्ये माणसं चौदा. सहा-दहाला ट्रे रिकामा. परत भरला साडेसहाला. त्या वीस मिनिटांत एक गृहस्थ रिकाम्या ट्रेसमोर प्लेट धरून उभे होते. लग्नाच्या पंगतीत सुद्धा मी असा माणूस बघितलेला नाही, कारण तिथं निदान कुणीतरी 'बसा, येतंय' म्हणतं. इथं आग्रह नाही. 'अजून घ्या' म्हणायला कुणी नाही. ज्यांना एकटं सोडलेलं बरं वाटतं त्यांना हे आवडेल. मला उपाशी नसताना उपाशी असल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात भरायला आलेला पोरगा माझ्याकडं बघून थबकला. ट्रे खाली ठेवला. 'मावशी? तुम्ही हितं?' मग मागं बघून आवाज बदलून, 'गुड ईव्हनिंग, मॅडम.' गडहिंग्लजकडचा पोरगा, हॉटेल मॅनेजमेंट शिकताना दोन वर्षं माझ्याकडं जेवायला होता. भाकरी दोनच खायचा, पण आमटी तीनदा मागायचा. मी विचारलं, 'कबाब इतका वेळ का लागला रे?' तो हळूच म्हणाला, 'किचन तळमजल्याला, मावशी. लिफ्ट एकच.' दोन शब्दांत सगळं कळलं. वरच्या मजल्यावर बसवायची हौस आणि स्वयंपाकघर पार तळाशी.

त्याला म्हटलं, मशीनचा चहा नको, उकळलेला मिळेल का? दहा मिनिटांत आलं घातलेला कडक चहा आला, स्टीलच्या किटलीतून. दोन दिवसांतली पहिल्या नंबरची गोष्ट हीच. यादीत नसते, मागावी लागते.

पोरीचं मात्र हाल झालं. बारा वर्षांखालच्या मुलांना संध्याकाळी आत येऊ देत नाहीत, दारू असते म्हणून. नियम बरोबर आहे, पण खोली घेताना पुतणीला कुणी सांगितलं नव्हतं. गुरुवारी तिचा बाप तिच्याजवळ खोलीत बसला. शुक्रवारी मी म्हटलं, तुम्ही बसा काचेपाशी, मी हिला फिरवून आणते. रिक्षा केली आणि खासबागेत गेलो. शाहू महाराजांच्या काळात 1912 साली बांधलेलं कुस्तीचं मैदान तिला दाखवलं. शेजारचं केशवराव भोसले नाट्यगृह 2024 च्या ऑगस्टमध्ये जळालं, तिकडून जाताना अजून पोटात कालवतं. मग राजाभाऊची भेळ. पोरगी दुबईत वाढलेली, पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी, दुसऱ्याला नाक पुसलं आणि तिसऱ्यानंतर पुडा माझ्या हातात देईना. येताना म्हणाली, 'काकी आजी, ते वरचं हॉटेल मोठ्यांसाठी आहे ना? बरं झालं.'

परत आलो तर वर वेगळंच चाललेलं. ओटी भरलेली, त्यामुळे पुतणी त्या दिवशी शाकाहारी. तिनं पनीर घ्यायला चिमटा उचलला. त्याच्या दातात कबाबाचा तुकडा अडकलेला. पनीर आणि चिकन शेजारी-शेजारी आणि दोन्हींना मिळून चिमटा एक. पाट्या मात्र टापटीप, हिरवा ठिपका आणि तांबडा ठिपका. ठिपके काय करायचेत, हात तर एकच! पुतणी काही बोलली नाही, प्लेट ठेवून फळं घेतली. मला कळल्यावर राहवलं नाही. हे असं चुकणं मला माफ होत नाही. कबाब उशिरा येणं समजू शकते, लिफ्ट एक आहे. चिमटा दुसरा ठेवायला लिफ्ट लागत नाही. माझ्या खानावळीत बुधवार-रविवारी मटण असतं, त्या दिवशी शाकाहारी भाजीचा डाव वेगळा, त्याच्या दांड्याला सुतळी बांधलेली. बाईला अक्षर येत नाही, सुतळी कळते.

तिथल्या मॅनेजर बाईंना हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, दोनदा माफी मागितली, ट्रे बदलून आणवले. वागणुकीला नाव ठेवायला जागा नाही. पुढं त्यांनी टॅबलेट दिला, अभिप्राय लिहा म्हणून. पाच तारे, त्याखाली चौकट. मी मराठीत लिहिलं, 'दोन चिमटे ठेवा, ओळखू येतील असे.'

आता नाश्ता. दोन्ही सकाळी मिसळ होती आणि दोन्ही सकाळी मी तिला हात लावला नाही, नुसती बघितली. फरसाण आधीच कटात टाकून ठेवलेलं. साडेसातला ठीक असेल, नऊ वाजता त्याचा लगदा. बरोबर पाव. कोल्हापुरात मिसळीबरोबर ब्रेडचे स्लाइस असतात हे कोल्हापुरातल्या हॉटेलाला सांगायचं म्हणजे कमाल झाली. मिसळ खायची असेल तर सकाळी खाली उतरा, रिक्षा करा, फडतरेकडं रांग लावा.

पण एक गोष्ट अशी की तिच्यासाठी मी परत जाईन. पॅनकेकच्या शेजारी परदेशी पाकाची बाटली असते ना, तिथं काचेच्या बरणीत काकवी ठेवलेली. काकवी म्हणजे गुऱ्हाळात रस आटून गूळ व्हायच्या जरासा आधी काढून घेतलेला पाक. ही होती गडद, तांबूस-काळी. चमच्यातून पडताना धार तुटत नव्हती, घडी पडल्यासारखी पॅनकेकवर बसत होती. गोडीच्या मागून किंचित खारट, किंचित जळकट चव. कोल्हापूरच्या गुळाला 2014 साली मानांकन मिळालं, पण काकवी हॉटेलवाले विसरलेलेच असतात. ज्याच्या डोक्यात हे आलं त्यानं रस्साही करायला घ्यावा. मी दोन्ही दिवस तीन-तीन पॅनकेक खाल्ले आणि साखरेची गोळी घेतली. फळंही ताजी, समोर कापलेली. लोणी चांगलं. इडली कोरडी.

पैशांचं म्हणाल तर, आम्ही दोघांनी दोन दिवसांत वर जे खाल्लं-प्यायलं ते खालच्या रेस्टॉरंटच्या दरानं मी जोडून पाहिलं. ह्यांच्या दोन संध्याकाळच्या चार बिअर धरल्या तर 7,600 च्या जवळपास जातं. नाही धरल्या तर अर्धंसुद्धा होत नाही. म्हणजे पिणाऱ्याला परवडतं आणि न पिणारा त्याचा खर्च उचलतो. रात्रीचं जेवण म्हणून तर याच्याकडं बघूच नका, आठला झाकणं बंद होतात आणि नऊला भूक लागते. शुक्रवारी रात्री आम्ही दोघं गुपचूप गंगावेशीत जाऊन उभ्यानं म्हशीचं धारोष्ण दूध पिऊन आलो.

शनिवारी सकाळी निघायच्या आधी शेवटचा पॅनकेक घ्यायला गेले. गडहिंग्लजचा पोरगा झाकणं पुसत होता, मला बघून हसला आणि हातानं खूण केली. कटलेट आणि सॉसेज, दोन ट्रे, दोन चिमटे. दांड्यांना नवीकोरी चिकटपट्टी गुंडाळलेली. दोन्हींना हिरवी.