पाच तारे आणि उसाची ट्रॉली

आमची नेक्सॉन लातूर-अंबाजोगाई रस्त्यावर रोज धावते. भक्कम बांधणी, वेगातही न डगमगणारी पकड, दोन्हीला पैकीच्या पैकी. पण नुसते सुरक्षेचे तारे बघून गाडी घेणाऱ्यांना कळकळीनं सांगतो. हे तारे देणाऱ्या भारत एनसीएपी या सरकारी गाडी-सुरक्षा कार्यक्रमाची समोरच्या धडकेची चाचणी ताशी ६४ किलोमीटरला होते, पट्टे बांधलेल्या पुतळ्यांसह. साधारण आपल्याच वजनाच्या गाडीशी टक्कर झाल्यासारखी. इथं गळीत हंगामात अंधारात बिनरिफ्लेक्टरची उसाची ट्रॉली उभी असते. बॉनेट तिच्याखाली घुसतं आणि मार थेट काचेवर, डोक्याच्या उंचीला बसतो. चेपून धक्का झेलणारा पुढचा भाग तिथं कामालाच येत नाही. शिवाय मागं बसलेले काका-मामा पट्टा लावत नाहीत. गाडी जरूर घ्या, पण सीटखाली दडपलेले मागचे पट्टे आधी वर काढा, आणि रात्री साठच्या वर जाऊ नका.