घरात तापाचा माणूस : दुपट्टा बांधायचा की मास्क लावायचा?

आमच्याकडे विदर्भात तापाची लाट वर्षातून दोनदा येते. एक पोळ्याच्या मागेपुढे, पाऊस ओसरत असताना, आणि दुसरी संक्रांतीपासून होळीपर्यंत. देशभरात फ्लूचे हंगाम साधारण हेच. या दिवसांत मेडिकलच्या काउंटरवर एक प्रश्न हमखास ऐकू येतो : मास्क घ्यायलाच पाहिजे का, की खांद्यावरचा दुपट्टा पुरतो? मी दोन्ही वापरून पाहिले आणि आता एका बाजूला झुकलो आहे. पण दुपट्ट्याची बाजू वाटते तेवढी हलकी नाही, हे आधीच सांगतो.

त्याआधी ताप फ्लूचाच दिसतो का, ते बघा. साधं पडसं हळूहळू चढतं. नाक गळतं, शिंका येतात, घसा खवखवतो, आणि माणूस कुरकुरत का होईना वावरात जातो. फ्लू तेवढी सवड देत नाही. सकाळी डवरणीला गेलेला माणूस दुपारी बाजेवर आडवा. ताप १०२-१०३, डोकं ठणकतं, पाठ आणि पिंडऱ्या वळून येतात, कोरडा खोकला, भूक मेलेली. कधीपासून बरं नाही असं विचारलं तर तो घड्याळातली वेळ सांगू शकतो, मला ही खूण थर्मामीटरपेक्षा भरवशाची वाटते. लहान पोरांना सोबत उलट्या-जुलाबही होतात. ताप बहुधा तीन-चार दिवसांत उतरतो, खोकला आणि अशक्तपणा मात्र दोन-दोन आठवडे रेंगाळतो.

विदर्भात एवढ्यावरून निकाल लावू नये. पावसाळा संपता संपता डेंग्यू असतो, गडचिरोलीकडे मलेरिया असतो, आणि २०१८ मध्ये नागपूरच्या आसपास स्क्रब टायफसने, म्हणजे गवता-झुडपातल्या बारीक किड्याच्या चाव्याने येणाऱ्या तापाने, लोकांची झोप उडवली होती. तापासोबत घसा-खोकला काहीच नसेल, डोळ्यांच्या मागे दुखत असेल, अंगावर पुरळ असेल, किंवा काखेत, जांघेत, कमरेच्या घडीत चटका बसल्यासारखी काळी खपली दिसली, तर मास्क-दुपट्ट्याचा वाद बाजूला ठेवून आधी रक्त तपासून घ्या. धाप लागणं, छातीत दुखणं, ओठ निळसर पडणं, माणूस बरळणं, उतरलेला ताप पुन्हा चढणं, यांपैकी काहीही दिसलं तर घरी थांबू नका. गरोदर बाई, पाच वर्षांखालचं लेकरू, म्हातारं माणूस, साखरेचा किंवा दम्याचा पेशंट यांना पहिल्याच दिवशी डॉक्टरांना दाखवलेलं बरं, कारण फ्लूवरचं ऑसेल्टामिविर पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर सर्वांत चांगलं लागू पडतं. अँटिबायोटिकचा विषाणूवर काही उपयोग नसतो. आणि लेकराला ॲस्पिरिन देऊ नका.

आता तोंड झाकण्याकडे येऊ. फ्लूचा माणूस ताप चढण्याच्या एक दिवस आधीपासून पुढे पाच-सात दिवस दुसऱ्याला आजार देऊ शकतो, त्यातही पहिले तीन-चार दिवस सर्वांत वाईट. म्हणजे तोंड आधी आजाऱ्याने झाकायचं. आमच्या आठवडी बाजारात चित्र उलटं असतं. धडधाकट माणसं नाक बांधून फिरतात आणि खोकणारा पारावर मोकळ्या तोंडाने बसलेला असतो.

दुपट्ट्याची सगळ्यांत मोठी जमेची बाजू म्हणजे त्याच्याकडे कोणी वळून पाहत नाही. उन्हाळ्यात तर सगळा गावच नाक-कान गुंडाळून असतो, त्यामुळे तोंड बांधलेला माणूस हा आमच्याकडे विषयच नाही. मास्क लावून एसटीत बसा, शेजारची बाई लगेच सरकून बसते आणि विचारते, “काहून जी, काही मोठं निघालं का?” २०२० नंतर मास्कला ही एक वेगळीच धास्ती चिकटली आहे. जो आजारी माणूस लाजेपायी मास्क लावणारच नाही, त्याने निदान दुपट्टा बांधला तरी मिळवलं, असं मी प्रामाणिकपणे मानतो. शिवाय दुपट्टा कानाला काचत नाही, धुतला की पुन्हा तयार, आणि वेचणीच्या मजुराच्या घामाने मास्क तासाभरात ओला होतो तसं दुपट्ट्याचं होत नाही. एक टोक भिजलं तर दुसरं घेता येतं.

अडतं ते त्याच्या विणीत. आपले रोजचे दुपट्टे पातळ सुताचे, उजेडात धरला तर सूर्य आरपार दिसतो. तीन-चार घड्या केल्या तर खोकल्याचे मोठे थेंब बरेचसे अडतात, बारीक मात्र निसटतात. आपल्या नेहमीच्या निळ्या तीनपदरी मास्कमध्ये मधला पदर खास गाळणीसाठीच घातलेला असतो आणि नाकावर तार असते, हा फरक उघड आहे. व्हिएतनाममधल्या हनोईच्या रुग्णालयांत कर्मचाऱ्यांवर झालेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कापडी मास्क वापरणाऱ्यांमध्ये फ्लूसारखा आजार वैद्यकीय मास्कवाल्यांपेक्षा जास्त आढळला. पण ते दवाखान्यात काम करणारे लोक होते आणि प्रश्न त्यांच्या स्वतःच्या बचावाचा होता, त्यामुळे आपल्या ओसरीवर तो जसाच्या तसा लावावा असं मी म्हणणार नाही. माझा निर्णय विणीवरून झालाही नाही.

तो झाला आमच्या मोठ्या बाबांपायी. ताप भरला तेव्हा माणूस मोठा शहाण्यासारखा वागला, कोणी न सांगता नाका-तोंडावर दुपट्टा बांधून सपरीतल्या, म्हणजे पुढच्या पडवीतल्या, बाजेवर पडून राहिला. शिंक आली की दुपट्ट्यातच. इथपर्यंत उत्तम. मग चहा आला. दुपट्टा सोडला, चहा झाल्यावर त्याच टोकाने मिशा पुसल्या. कपाळावर घाम आला, तोही त्यानेच टिपला. नातू पार्ले बिस्किटाने तोंड माखून आला, त्याचं तोंड त्याच टोकाने पुसून दिलं. शेजारचे भाऊ पाहायला आले, तर बाजेच्या कडेवर दुपट्टा दोनदा झटकला आणि म्हणाले, “बसा जी.” नंतर त्याचीच घडी करून उशाला घेतली.

सांगून उपयोग नव्हता. मोठी आई दोनदा ओरडली, तेही हो हो म्हणाले, आणि पुढच्या घामाला हात पुन्हा खांद्याकडेच गेला. त्यात त्यांचा दोष नाही. दुपट्टा हा आमच्या माणसांचा रुमाल आहे, टॉवेल आहे, चुंबळ आहे, आणि बसायचं आसनही. जन्मभराची सवय ताप आला म्हणून चार दिवसांत सुटत नाही. कपड्यावर हा विषाणू काही तासच तग धरतो, स्टीलच्या ग्लासावर किंवा मोबाइलवर दिवस-दोन दिवस. पण जो कपडा पाच-पाच मिनिटांनी कोणाच्या ना कोणाच्या तोंडाला लागतो, त्याला काही तास भरपूर झाले. नातवाला ताप त्या दुपट्ट्यानेच आला की सपरीतल्या हवेतून, हे छातीठोकपणे सांगता येणार नाही. दोन दिवसांनी आला एवढं खरं, आणि फ्लू लागण झाल्यापासून एक ते चार दिवसांत डोकं काढतो.

मास्कने कोणी घाम पुसत नाही. लेकराचं नाक पुसत नाही, बाज झटकत नाही. त्याला दुसरं कामच नसल्यामुळे तो एका जागी राहतो, मळला की फेकून दिला जातो, आणि माझ्यासाठी पारडं इथेच झुकलं. पुढच्या लाटेला मोठ्या बाबांना ताप भरला तेव्हा मी मेडिकलमधून पाकीट आणलं. मास्क लावलेला असला की त्यांनाही आठवण राहते आणि घरातल्यांनाही. पोट्टे आपोआप दोन हात दूर बसतात.

मास्कची डोकेदुखीही सांगतो. चष्मा असेल तर वाफ धरते. नाकावरची तार नीट दाबली की बरीच कमी होते. दाढी दाट असेल तर तो नीट बसत नाही. ओला झाला की बदलावा लागतो, आजाऱ्याला दिवसाला दोन-तीन तरी लागतात, म्हणजे आठवड्याचा खर्च चहापाण्याइतकाच, पण होतो. कोरोनातलं उरलेलं पाकीट कपाटात असेल तर आधी एखाद्याची दोरी ओढून बघा. आमच्या जुन्या पाकिटातल्या निम्म्याअधिक मास्कांची दोरी हातातच आली. वापरलेला मास्क अंगणात टाकला की कोंबड्या ओढतात आणि पोरं खेळायला घेतात. चुलीत टाकू नका, तो प्लास्टिकच्याच धाग्याचा असतो. पिशवीत बांधून कचऱ्यात टाका आणि हात साबणाने धुवा. दोन वर्षांखालच्या लेकराला मास्क लावायचाच नाही. आणि हनुवटीवर सरकवलेला मास्क मात्र दुपट्ट्यापेक्षाही वाईट, कारण लावणाऱ्याला वाटतं आपलं काम झालं.

एन-९५ बद्दल थोडक्यात. बारीक कण अडवण्यात तो या दोघांच्या पुढे आहे, पण आजाऱ्याला त्यात गुदमरल्यासारखं होतं आणि तो काढूनच ठेवतो. आजाऱ्याजवळ बसून औषध-पाणी करणाऱ्याला साखर किंवा दमा असेल तर त्याच्यासाठी एखादा आणायला हरकत नाही. त्यातही पुढे झडप असलेला घेऊ नका. झडपेतून उच्छ्वास न गाळता बाहेर जातो, म्हणून आरोग्य मंत्रालयानेही जुलै २०२० मध्ये झडपवाले नको असं कळवलं होतं.

दोघांपैकी काहीही निवडलं तरी बाज कुठे टाकता याला तेवढंच महत्त्व आहे. थंडीत आपण आतल्या खोलीत दारं-खिडक्या लावून आजाऱ्याला गोधडीत गुंडाळतो आणि त्याच खोलीत बाकीचे चारजण झोपतात. त्यापेक्षा सपरी बरी, वारा आडवा लागत नसेल अशा कोपऱ्यात. पाहायला येणाऱ्यांना उंबऱ्यावरूनच रामराम करायला सांगा, हे काम घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईकडे द्या, तिचं कोणी वाईट मानत नाही. ग्लास-ताट वेगळं ठेवा. तापाची गोळी न घेता पूर्ण २४ तास ताप आला नाही, तेव्हाच वेचणीला, शाळेत किंवा लग्नाला जाऊ द्या. गोळी खाऊन उतरलेला ताप यात धरायचा नाही. आमच्याकडे सगळे इथेच फसतात, कारण दुपारी गोळी घेतली की संध्याकाळी माणूस दूध घालायला डेअरीवर हजर.

मी मास्कवाला झालो असलो तरी तुमचं घर तुम्हाला ठाऊक. घरातला म्हातारा मास्क लावणारच नसेल तर भांडत बसू नका. त्याला दोन दुपट्टे द्या. तोंडाला बांधायचा एक, रंगाने अगदी वेगळा, आणि खांद्यावर नेहमीचा. तोंडाचा रोज गरम पाण्यात साबणाने धुऊन उन्हात वाळवायचा. मोठ्या बाबांना नंतर आम्ही तोंडासाठी मोठ्या आईच्या जुन्या लुगड्याचा हिरवा तुकडा दिला. त्याने मिशा पुसायला ते अजूनही तयार नाहीत.