खडकवासला, कात्रज की पाषाण? पुण्यातला पहिला मोकळा रविवार

पुण्यात नव्याने राहायला आलेल्याला पहिल्याच महिन्यात कोणीतरी 'खडकवासल्याला जाऊन या' असं सांगतंच. सल्ला चांगला आहे, फक्त कधी जायचं ते सांगायचं राहून जातं. रविवारी दुपारी चारला निघालात तर धायरी फाटा, नांदेड फाटा, किरकटवाडी फाटा या टप्प्यांतच संध्याकाळ संपते. धरणाकाठची चौपाटी थेट सिंहगड रस्त्यालाच लागून आहे. भजी, कणसाच्या गाड्या आणि रस्त्यावरच लावलेल्या मोटारी यांतून गडावरून उतरणारी गर्दीही त्याच वाटेने शहराकडे येते. म्हणून रविवारीच जायचं असेल तर सकाळी सातच्या आत पोचा, नाहीतर सरळ मधला वार निवडा.

स्वारगेटपासून अंतर 18-20 कि.मी. आहे. सिंहगड पायथ्याची पीएमपी बस धरणावरूनच पुढे जाते, त्यामुळे दोन्ही एका दिवसात होतात. त्यासाठी क्रम मात्र उलटा ठेवा: आधी गड, मग पाणी. आतकरवाडीतून पायवाटेने चढायला सवयीच्या माणसाला तासभर, नवख्याला दीड-दोन तास लागतात. वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खाऊन अकरापर्यंत उतरायला लागलं की ऊन आणि गर्दी दोन्ही चुकतात. पावसाळ्यात दरडींमुळे घाटरस्ता बंद होतो, तेव्हा गाडीने जाणाऱ्यांनी आधी चौकशी करावी.

जुलै-ऑगस्टमध्ये धरण भरून विसर्ग सुरू झाला की हे ठिकाण सर्वांत देखणं दिसतं. पण त्याच पाण्याने शहरात मुठेची पातळी वाढते, भिडे पूल पाण्याखाली जातो आणि नदीपात्रातला रस्ता बंद होतो. परतीची वाट त्या हिशेबाने ठरवा. आणि पाण्यात उतरू नका, अगदी पाय भिजवायलासुद्धा नाही. काठाला गाळ आहे, पाय रुततो आणि दोन पावलांवर खोली एकदम वाढते. पोहता येणारेही इथे बुडाले आहेत. शिवाय हे पुणेकरांचं पिण्याचं पाणी आहे.

लहान मुलं किंवा वयस्कर मंडळी सोबत असतील तर खडकवासल्यापेक्षा कात्रज कितीतरी सोयीचं. राजीव गांधी प्राणी संग्रहालय स्वारगेटहून सातारा रस्त्याने 7-8 कि.मी.वर आहे. बुधवारी बंद असतं, आणि नेमक्या त्याच दिवशी सुट्टी काढून आलेली कुटुंबं दारातून परत जाताना दिसतात. नीट पाहायला तीन तास धरा. दुपारी वाघ-सिंह सावलीत झोपलेले असतात, तेव्हा सकाळी दार उघडताच आत जा आणि मोठे प्राणी आधी पाहून घ्या. सर्पोद्यान शेवटी ठेवलं तरी चालतं. शेजारचा तलाव नानासाहेब पेशव्यांच्या काळातला. इथलं पाणी भुयारी नळाने शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांमधल्या हौदांना जात असे. हे माहीत असेल तर तलाव नुसता ओलांडून जाववत नाही.

पाषाण तलाव फक्त पक्ष्यांसाठी, आणि तोही नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी साडेसहा ते नऊ. राखी बगळे, पाणकावळे, जांभळ्या पाणकोंबड्या, शिवाय हिवाळी पाहुणे. सूर्य पाठीशी राहील असे उभे राहा, नाहीतर दुर्बिणीतून नुसत्या काळ्या आकृत्या दिसतात. उन्हाळ्यात इथे येऊ नका: रामनदीतून येणाऱ्या सांडपाण्यावर जलपर्णी फोफावते, पाणी झाकलं जातं आणि वास येतो. संध्याकाळी डासही फार.

पवना किंवा मुळशी धरणाचा विचार एका दिवसासाठी करू नका. मुक्काम असेल तरच तो प्रवास सार्थकी लागतो.

एकटे असाल, दुचाकी असेल आणि पाऊस चालू असेल तर मंगळवारी-बुधवारी पहाटे खडकवासला. घरी आई-वडील आलेले असतील तर शनिवारी सकाळी कात्रज. डिसेंबरात कामावर जाण्याआधी दोन तास मिळत असतील तर पाषाण.