पेटी, कीबोर्ड की नुसता गळा?

हडपसरकडच्या एका नव्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सध्या वाद रंगलाय. जमलेल्या वर्गणीतून कीबोर्ड आणि ड्रमसेट घ्यायचा, जुनी पेटी दुरुस्त करायची, की उपासनेत वाद्यच नको? कमिटीतल्या एका दादांनी मला विचारलं, कारण मी वीसेक वर्षं रविवारी पेटी वाजवतोय. माझा कल कुठे असणार हे उघड आहे. म्हणूनच 'वाद्य नको' वाल्यांची बाजू आधी मांडतो. ती वाटते तितकी हेकट नाही.

जुन्या करारात वाद्यं होती हे तेही मानतात. स्तोत्र १५० मध्ये शिंग, डफ, झांजा सगळंच आहे. पण नव्या करारात मंडळीला गायला सांगितलंय, वाजवायला नाही, असं त्यांचं म्हणणं. क्रिसोस्तोमसारख्या जुन्या धर्मपित्यांच्या लेखी वाद्यंही यज्ञबलींसारखी मागल्या काळाची सोय होती. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये आजही बहुतेक ठिकाणी नुसता गळा चालतो. सोळाव्या शतकातला स्विस धर्मसुधारक झ्विंग्ली स्वतः अनेक वाद्यं वाजवायचा, तरी त्याच्याच झुरिकमध्ये १५२७ साली ऑर्गन मोडून काढला.

सगळी ओढाताण इफिसकरांस पत्रातल्या ५:१९ मधल्या एका ग्रीक क्रियापदावर आहे. त्याचा जुना अर्थ तार छेडणे; पुढे नुसतं स्तोत्र गाणे असाही झाला. आपल्या मराठी बायबलात तिथे 'आपल्या अंतःकरणात प्रभूला गायनवादन करा' असं आहे. आता यातलं 'वादन' धरायचं की 'अंतःकरणात'? दोन्ही पक्षांची सोय एकाच ओळीत! माझ्या मते वचनावर हा वाद सुटणार नाही. बंदी मला तरी कुठे सापडत नाही, आणि सक्तीही सापडत नाही.

'पेटी आपली, कीबोर्ड परका' हा मुद्दा मात्र कमिटीत काढू नका, तोंडघशी पडाल. हार्मोनियमचं पेटंट १८४२ सालचं, पॅरिसचं. स्कॉटलंडमधल्या एडिंबराच्या ग्रेफ्रायर्स चर्चमध्ये १८६३ साली हार्मोनियम आला तेव्हा तिथल्या प्रेस्बिटेरियन (एक प्रॉटेस्टंट पंथ) मंडळींत गदारोळ झाला होता. इकडे आकाशवाणीने तो १९४० ते १९७१ बाहेर ठेवला. तिकडे तो उपासनेला नको होता, इकडे रागदारीला. त्या प्रेस्बिटेरियनांतल्याच फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडने वाद्यांना परवानगी दिली ती थेट २०१० मध्ये. कॅथलिकांकडे १९०३ साली पोप दहाव्या पायसने पियानो आणि ढोल मनाई केले. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ऑर्गनचा मान राखून इतर वाद्यांनाही दार उघडलं. आणि पुण्याचं काय सांगावं, १८९० साली पंचहौद मिशनमधल्या चहावरून ग्रामण्य (जातीबाहेर टाकण्याचा वाद) झालेलं हे गाव. पेटीवरून भांडण होणारच.

खरा फरक गाताना कळतो. 'उपासना संगीत' उघडा. एकीकडे रेव्हरंड टिळकांची अभंगाच्या, भजनाच्या अंगाने जाणारी गीतं, दुसरीकडे इंग्रजी चालीवर बसवलेली भाषांतरं. अभंगाला पेटी, तबला, झांज पुरे; तिथे कीबोर्डचे कॉर्ड (एकदम वाजवायचे तीन-चार सूर) दाबले की चाल आखडते. उलट इंग्रजी चालीचं चार सुरांत गायचं गीत पेटीवर एकसुरी होतं, तिथे कीबोर्ड किंवा ऑर्गनच हवा. तुमची मंडळी यातलं काय जास्त गाते, ते आधी मोजा.

नुसत्या गळ्याचं गाणं ऐकायला सुंदर, निभवायला अवघड. पुढचा गडी काळी दोनमध्ये उचलतो, बायकांना ते खाली पडतं, तिसऱ्या कडव्यापर्यंत सूर अर्ध्या पट्टीने उतरलेला. एक पक्क्या सुराचा माणूस असल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका. पण असा माणूस असेल, तर शेवटच्या बाकावरच्या आजीबाईसुद्धा गातात हे मी पाहिलंय. ड्रमसेट आला की पहिल्यांदा त्याच गप्प होतात. तरुण पोरं ड्रममुळे येतात हे खरं, फक्त ती गातात की ऐकतात ते जरा बघा.

पेटीचे दोषही सांगतो. पावसाळ्यात पट्टी अडकते. एकदा पाळक प्रार्थनेला उभे राहिले आणि माझा पंचम भात्यातली हवा संपेपर्यंत वाजत राहिला. पाळकांनी डोळे उघडले नाहीत, बाकी सगळ्यांनी उघडले.

दादांना मी सांगितलं: पेटी दुरुस्त करा, झांजा घ्या, आणि प्रभुभोजनाच्या (भाकरी-द्राक्षारसाच्या विधीच्या) वेळचं गीत तेवढं दर खेपेला वाद्याशिवाय गा. सूर टिकला तर वाद्याशिवायची गीतं वाढवा. कीबोर्ड पुढच्या वर्षी, तोही वाजवणारा मिळाला तर. आधी वाद्य आणि मग वादक असं केलं की ते कव्हर घालून कोपऱ्यात पडतं. राहिला ड्रमसेट. मंडळी भरते ती इमारतीच्या तळमजल्यावर, आणि निवासी भागात दिवसा आवाजाची मर्यादा ५५ डेसिबल. तेव्हा कमिटीची बैठक नंतर, आधी वरच्या मजल्यावरच्या काकूंना विचारून या.