समुद्राचा सेन्सरी बिन: काही महिन्यांच्या वापरानंतर, आणि त्यातल्या ३-६ ची तक्रार

सेन्सरी बिन म्हणजे तांदूळ किंवा वाळू भरलेला खोका; त्यात लपवलेल्या वस्तू मूल हाताने उकरून शोधतं आणि खेळता खेळता शिकतं. आधी निकाल सांगते. खोका, प्राणी, चिमटा आणि गाळणी तयार संचातली घ्या, खुशाल घ्या. आकडे मात्र त्यातले आहेत तसे वापरू नका. याच एका गोष्टीवरून विक्रेत्याशी माझं चांगलंच वाजलं आणि ते अजून मिटलेलं नाही.

संचात खोका, समुद्रातले प्राणी, शिंपले, अक्षरं, फोमचे आकडे, चिमटा आणि गाळणी असं येतं, त्यात जास्त वेळ घालवत नाही. माझी मुलगी चार वर्षांची. पहिले काही आठवडे फार मजेत गेले. निळ्या तांदळात कोपरापर्यंत हात घालायचे, मासा शोधायचा, त्याच्याखाली दडवलेलं अक्षर काढायचं. मग एका संध्याकाळी तिने फोमचा आकडा वर काढला आणि म्हणाली, "तीन." मी म्हटलं, "अगं, सहा आहे." तिने तो माझ्यासमोर धरला. तिच्या बाजूने खरोखरच तीन होता.

फोमचे आकडे आरपार कापलेले असतात. पुढची बाजू आणि मागची बाजू एकाच रंगाची, एकसारखी. त्यामुळे ६ पालथा पडला की त्याचा ३ होतो आणि ३ पालथा पडला की ६. टेबलावर मांडून शिकवताना हे लक्षातही येत नाही, कारण आपणच ते सरळ लावून देतो. बिनमध्ये मात्र सगळा खेळच उकरून काढण्याचा. आकडा कुठल्या बाजूने हाती येईल ते कोणाच्याच हातात नाही. पोर समोर दिसतं ते बरोबर वाचतं आणि आपण त्याला चूक म्हणतो. असं चार वेळा झालं की ते आकडा दिसताच आपल्या तोंडाकडे बघायला लागतं. ही मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट.

अक्षरांचं तसं होत नाही, निदान इतकं होत नाही. त्यांना शिरोरेखा असते. उलटं आलं तरी रेघ वर धरायची हे मूल पटकन शिकतं, आणि पालथा क काही दुसरं अक्षर बनत नाही, नुसता विचित्र दिसतो. आकड्यांना ही रेघच नाही. शून्य आणि ४ दोन्हीकडून जवळजवळ सारखेच, त्यांचं काही बिघडत नाही. बाकीचे पालथे पडले की चमत्कारिक दिसतात, पण ३ आणि ६ सरळ एकमेकांची जागा घेतात. इंग्रजी आकडे घेतलेत तर सहा आणि नऊ हाच घोळ घालतात. तिथे तर पालथं करायचीही गरज नाही, नुसतं फिरवलं की झालं.

मी विक्रेत्याला एकाच तुकड्याचे दोन फोटो पाठवले, एकात तीन, एकात सहा. उत्तर आलं की आकडा दोन्ही बाजूंनी वापरता येतो हे उत्पादनाचं वैशिष्ट्य आहे. पुन्हा लिहिलं, सविस्तर लिहिलं. मग "तपासणीत दोष आढळला नाही" असं कळवून तक्रार बंद केली. मी पैसे परत मागितलेच नव्हते. मागची बाजू वेगळ्या रंगाची करा, एवढंच सुचवत होते. शिकवण्याची वस्तू विकणाऱ्याला एवढं ऐकून घ्यायला काय हरकत आहे?

खरं तर हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच सुटलेला आहे. मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिलं बालघर सुरू केलं. त्यांच्या पद्धतीतली वाळूकागदाची अक्षरं पाटीवर चिकटवलेली असतात. मूल अक्षरावरून बोट फिरवतं, खरखर जाणवते, पण अक्षर पालथं होऊच शकत नाही. तेच डोक्यात ठेवून मी फोमचे आकडे जाड पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर चिकटवले. पैसे मोजून घेतलेली वस्तू फेकून देणं मला जमत नाही, आणि आता ते उत्तम चालतात.

पण खरा आनंद दिला तो शिंपल्यांनी. संचातले शिंपले नुसते शोभेचे म्हणून आले होते. मी बाहेरून आकडे लिहून पाहिले, पण त्या रेघांच्या खडबडीत पाठीवर शाई फाटते आणि तांदळाच्या घासण्याने पुसलीही जाते. मग आतल्या गुळगुळीत, चकचकीत खोलगट भागात लिहिले, बिजागरीचं टोक वर धरून. आता काय होतं बघा. ती शिंपला उचलते तेव्हा आत तांदूळ भरलेले असतात. ती तो कलता करते, निळे दाणे घरंगळतात आणि आकडा हळूहळू उघडा पडतो. ५ चं पोट आधी दिसतं, मग शेपटी. तेवढ्या वेळात ती स्वतःच अंदाज करायला लागते. टोक वर धरलं की आकडा सरळ, आणि लिहिलेलं एकाच बाजूला असल्यामुळे ३ चा ६ होण्याचा प्रश्नच नाही. बाहेरच्या बाजूला मी तितकेच ठिपके दिलेत, नेलपॉलिशचे. ते टिकतात. शंका आली की ती शिंपला उलटून ठिपके मोजते, मला विचारत नाही.

अक्षरांच्या बाबतीत माझं मत मधल्या काळात पार बदललं. सुरुवातीला वाटायचं की बिन आकड्यांसाठी ठीक, अक्षरांना कागदच बरा. पण भ आणि म, घ आणि ध या जोड्या तांदळात इतक्या चांगल्या पक्क्या झाल्या की मी थक्क झाले. अर्धं पुरलेलं अक्षर दिसलं की ती डावीकडचे दाणे बोटाने बाजूला सारते आणि शिरोरेखा तुटलेली आहे की अखंड, ते बघते. तुटलेली असली तर भ, अखंड असली तर म. कागदावर हा फरक मी कितीदा दाखवला होता, पण नजर त्यावरून घसरून जायची. इथे बोटाला ती फट लागते. एका वेळी चार-पाचच अक्षरं पुरा. सगळी मुळाक्षरं एकदम घातली तर नुसती शोधाशोध होते, ओळख होत नाही.

तांदूळ की वाळू, यावर थोडक्यात. कायनेटिक सँड, म्हणजे दाबली की आकार धरून ठेवणारी खेळायची वाळू, मी आणली होती. त्यात उठवलेला ठसा छान राहतो, पण ती शिंपल्याच्या पोटात घट्ट बसते आणि दर वेळी कोरून काढावी लागते. तांदूळच बरे. वाटीभर तांदळाला चमचाभर व्हिनेगर आणि खायचा रंग, डब्यात घालून हलवायचे आणि पसरून खडखडीत वाळवायचे. ओलसर राहिले तर हात निळे होतात आणि बुरशीही येते. नीट वाळवून झाकणाच्या खोक्यात ठेवले तर महिनोन् महिने तेच चालतात.

संचात पाण्यात फुगणाऱ्या मण्यांची पुडी आली असेल तर ती मुलांच्या हाती लागण्याआधी टाकून द्या. हे मणी गिळले गेले तर पोटात पाणी शोषून कितीतरी पट फुगतात, आतडं अडवू शकतात आणि साध्या एक्स-रेत सहसा दिसतही नाहीत. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने २०२३ मध्ये लहान मुलं असतील तिथून ते काढून टाकायला सांगितलं होतं. तीन वर्षांखालचं भावंड घरात असेल तर लहान शिंपल्यांनाही हेच लागू, आणि बिन उघडा टाकून उठायचं नाही.

प्राणी एकंदरीत चांगले आहेत. ऑक्टोपसचे आठ हात, तारामाशाचे पाच, एकेका हातावर एकेक कवडी ठेवत मोजायला उत्तम. दहापर्यंत घडाघडा म्हणणं वेगळं आणि "मला पाच कवड्या दे" म्हटल्यावर नेमक्या पाच देणं वेगळं, हे इथेच नीट कळतं. खेकड्याला मात्र नांग्या धरून दहा पाय असतात आणि संचातल्या खेकड्याला आठच आहेत. तो मी मोजणीतून काढलाय.

दहाच्या पुढे हे शिंपले पुरत नाहीत. १२ साठी दोन शिंपले शेजारी ठेवले की त्यांची अदलाबदल होऊन २१ होतात. म्हणून दोन अंकी आकडे पुठ्ठ्याच्या आयताकृती तुकड्यांवर लिहिलेत आणि प्रत्येकाचा वरचा उजवा कोपरा तिरका कापलाय. कोपरा बोटाला लागला की कुठली बाजू वर धरायची ते तिला न बघता कळतं.