थंडरबोल्ट, स्पिटफायर की सुखोई: पहिलं स्केल लढाऊ विमान कशाचं बांधावं?

रिमोट-कंट्रोल ट्रेनर (शिकाऊ मॉडेल विमान) उडवून झालाय, एलेरॉनवालं (पंखाच्या मागच्या कडेला विमान कलवणाऱ्या झडपा असलेलं) लो-विंग विमानही वाऱ्यात धड उतरवता येतं, आता खऱ्याच्या प्रमाणात केलेलं, म्हणजे स्केल, लढाऊ विमान हवंय. तेही जवळून पाहिलं तर पत्र्यांचे सांधे आणि रिव्हेट दिसतील असं. इथून तीन वाटा फुटतात: ईपीओ (साच्यात दाबलेल्या मण्यांच्या) फोमचं तयार विमान घेऊन त्याचं रूप पालटायचं, लेझर-कट बाल्सा (हलक्या लाकडाचं) किट जोडायचं, नाहीतर डेप्रॉनच्या (पातळ पॉलिस्टायरीन फोमच्या) शीटमधून सगळं स्वतः कापायचं. बहुतेक जण खोक्याची किंमत बघून ठरवतात आणि तिथेच फसतात. त्या पृष्ठभागावर तुम्ही किती काम करणार आणि त्या कामाचं वजन विमानाला झेपेल का, हे आधी बघा.

विमान कुठलं?

1/8 हे माप सोयीचं आहे. गाडीत मावतं आणि तपशीलही दिसतो. या मापात दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश स्पिटफायरचा 11.23 मीटरचा पंख 1.40 मीटर होतो, अमेरिकन थंडरबोल्टचा 12.42 मीटरचा 1.55 मीटर. लांबीतला फरक किरकोळ वाटतो, पण क्षेत्रफळात तो मोठा आहे: स्पिटफायर 35 चौरस डेसिमीटर, थंडरबोल्ट 43.5. स्पिटफायर 2.4 किलोत बसवलं तरी पंखावरचा भार दर चौरस डेसिमीटरला 68 ग्रॅमच्या पुढे जातो. थंडरबोल्ट 2.6 किलोचं असूनही 60 वर राहतं. उतरताना हा फरक हाताला कळतो.

स्पिटफायरचं खरं दुखणं पंखाच्या टोकांना आहे. लंबवर्तुळाकार पंख टोकाकडे अरुंद होत जातो, वेग कमी पडला की टोक आधी स्टॉल होतं (उचल गमावतं) आणि विमान एका अंगावर कोसळतं. टोकाला 2 ते 3 अंशांचा वॉशआउट (टोकाची पुढची कड खाली झुकवणारा पीळ) हवाच. किटमध्ये तो असेल असं गृहीत धरू नका, पंख पाटावर ठेवून कोनमापकाने तपासा. चाकांचे पाय पंखाच्या मुळाशी जवळजवळ असल्याने खडबडीत मैदानावर विमान डुलतं आणि टोक जमिनीला घासतं. थंडरबोल्टचे पाय दूर-दूर आहेत, धड पोटात मोठं आहे, आणि गोल काउलिंगच्या (इंजिनावरच्या आवरणाच्या) मागे चार सेलची बॅटरी पुढे सरकवता येते. पहिल्या विमानासाठी आम्ही थंडरबोल्टच म्हणू. दिसायला स्पिटफायर देखणं, यात वाद नाही.

हरिकेनही विचारात घ्या. इंफाळच्या लढाईत अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखालच्या 1 नंबर स्क्वाड्रनकडे हीच विमानं होती. पंख जाड, पाय रुंद, उडायला शांत. फक्त त्याचं मागचं धड खऱ्या विमानात कापडाने मढवलेलं आहे, आतल्या स्ट्रिंगरच्या (लांबट पट्ट्यांच्या) रेघा वर उठून दिसतात. बाल्सात तसंच बांधायचं असल्याने तो परिणाम आपोआप मिळतो. फोममध्ये त्या रेघा साच्यातून आलेल्या असतात आणि तशाच दिसतात. हरिकेन करायचं तर बाल्सातच.

आणि ओझरला एचएएलचा कारखाना असल्यावर नाशिककराच्या मनात मिग-21 आणि सुखोई-30 असणारच. मिगचा डेल्टा पंख 1/10 मापात जेमतेम 71 सेंटिमीटरचा होतो. तो डक्टेड फॅनवर (नळीतल्या पंख्यावर) वेगाने उतरतो आणि त्याला गुळगुळीत धावपट्टी लागते, म्हणून पहिल्या विमानासाठी तो बाद. सुखोईचं मात्र वेगळं आहे. 1/20 मापात पंख 73.5 सेंटिमीटर, लांबी 1.1 मीटर, सपाट रुंद धडही उचल देतं, हातातून फेकता येतं आणि पोटावर उतरतं. डेप्रॉनसाठी याहून चांगला विषय नाही.

साहित्य: ईपीओ, बाल्सा, डेप्रॉन

ईपीओचं विमान एका संध्याकाळीत जोडून होतं. नेहमीचा सीए (झटपट चिकटणारा) गोंद त्याला चालतो, आपटलं तर तुटलेला भाग पुन्हा चिकटतो. तोटा पृष्ठभागाचा: मण्यांचे ठसे दिसतात, साच्यातल्या पॅनल-रेघा गटारासारख्या रुंद असतात, आणि ईपीओ इतका गुळगुळीत असतो की अस्तर न लावता दिलेला ॲक्रिलिक रंग मास्किंग टेपबरोबर सोलून निघतो.

बाल्साला 150 ते 250 तास धरा. 3 मिलिमीटरच्या लाइट-प्लायचे फॉर्मर (धडाच्या आडव्या चौकटी), बाल्साच्या रिब (पंखाच्या फासळ्या), 1.5 मिलिमीटरचं शीटिंग (वरचं पातळ आवरण). फायरवॉल (मोटर बसते ती पाटी) आणि लँडिंग गिअरच्या ठोकळ्यांना 30 मिनिटांचा इपॉक्सी लावा. तिथे सीए वापरला तर पहिल्या दणक्यालाच ठोकळा उखडतो, कारण सीएचा सांधा ठिसूळ असतो. शीटिंग करताना पंख सपाट पाटावर टाचण्यांनी धरून ठेवा आणि वरची-खालची दोन्ही शीट बसेपर्यंत उचलू नका. एका बाजूचं शीट चिकटवून पंख उचलला की पीळ बसतो, तो नंतर इस्त्रीनेही निघत नाही. किट फोमच्या विमानापेक्षा स्वस्त दिसतं, पण मोटर, सर्व्हो (झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरी), रिट्रॅक्ट (आत मिटणारे चाकांचे पाय), कापड, रेझिन, रंग धरले की हिशेब बरोबरीत येतो किंवा पुढे जातो. एखादी रिब तुटली तर सातपूर-अंबडच्या लेझर कटिंगवाल्याकडून ती पुन्हा कापून मिळते. फाइल मात्र स्वतः काढून न्यावी लागते.

डेप्रॉनला 25 ते 40 तास. इथे एकच इशारा, पण मोठा: स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा सनबोर्ड म्हणजे डेप्रॉन नव्हे. तो पीव्हीसीचा असतो. ए-फोर मापाचा तुकडा काट्यावर ठेवा: 5 मिलिमीटर डेप्रॉन 10 ते 12 ग्रॅम भरतो, 3 मिलिमीटर सनबोर्ड 100 ग्रॅमच्या आसपास. सनबोर्डचं सुखोई हातातून सुटल्यावर थेट जमिनीकडेच जातं. डेप्रॉनला फोम-सेफ सीए किंवा इपॉक्सी लावा, साधा सीए त्याला खातो. गॅरेजमधलं पॉलिस्टर रेझिन तर त्याला विरघळवूनच टाकतं.

डिटेलिंग आणि त्याचं वजन

1/8 थंडरबोल्टचा एकूण पृष्ठभाग दीड-पावणेदोन चौरस मीटर भरतो. 25 ग्रॅमी ग्लास क्लॉथ (चौरस मीटरला 25 ग्रॅम भरणारं काचतंतूंचं कापड) अंगभर लावला तर नुसतं कापड 40 ग्रॅमच्या आसपास. रेझिन जुन्या एटीएम कार्डाने ओढून काढलं तर तेवढंच, ब्रशने थापून ठेवलं तर तिप्पट. त्यावर प्रायमर आणि रंग धरून नीट केलेलं काम 200 ते 250 ग्रॅममध्ये बसतं. हात सैल सोडला की 500 ग्रॅम होतात, आणि मग वर सांगितलेला 60 चा आकडा 65 च्या पुढे जातो. त्यातही शेपटीकडचं वजन महागात पडतं: या आखूड नाकाच्या विमानांत मागे 10 ग्रॅम वाढले की सीजी (गुरुत्वमध्य) जागेवर आणायला पुढे साधारण 25 ते 30 ग्रॅम शिसं लागतं. म्हणून शेपटीच्या स्टॅबिलायझर आणि रडरवर प्रायमरचा एकच पातळ हात द्या.

कापड बसवायला बाल्सावर इपॉक्सी रेझिन, ईपीओ आणि डेप्रॉनवर पाण्याचं पॉलियुरेथेन व्हार्निश. ईपीओचे मणी आधी हलक्या स्पॅकल फिलरने भरा आणि 240, मग 400 नंबरच्या कागदाने घासा. भिंतीची पुट्टी वापरू नका, ती जड असते आणि पंख वाकला की तडकते.

पॅनल-रेघांची पद्धत तिन्हींवर एकच, फक्त खाली कापडाचा थर हवा. 0.5 मिलिमीटरची पट्टी-टेप ड्रॉइंगप्रमाणे चिकटवा, वर फिलर प्रायमरचे दोन-तीन हात द्या, टेपची कड दिसू लागेपर्यंत 400 च्या कागदाने घासा, मग टेप उलट दिशेला, पृष्ठभागाला अगदी लगटून ओढा. वर उचलून ओढली तर कडेचा प्रायमर तुकड्यांनी निघतो. प्रायमर पुरता कडक होण्याआधी ओढली तर कड रबरासारखी ताणते. मागे राहते ती बारीक, एकसारखी खाच.

रिव्हेटचं माप नीट धरा. खऱ्या विमानातलं डोकं 6 ते 8 मिलिमीटरचं, म्हणजे 1/8 मध्ये एक मिलिमीटरच्या आत, आणि अंतर साधारण 3 मिलिमीटर. थंडरबोल्ट आणि स्पिटफायरच्या पंखांवर सपाट रिव्हेट आहेत, तिथे उठावाचे ठिपके चुकीचे दिसतात. सोल्डरिंग आयर्नच्या टोकाला बारीक पितळी नळी बसवून प्रायमरवर क्षणभर टेकवली की गोल ठसा उमटतो. हे काम बाल्सावर बिनधास्त करा. फोमवर उष्णता खाली पोचते आणि खड्डा पडतो, म्हणून तिथे नळी थंडच ठेवून हाताने दाबायची. उठावाचे रिव्हेट हवे असतील तर 24 नंबरच्या सुईच्या सिरिंजमधून पातळ पांढऱ्या गोंदाचे थेंब टाका. डेप्रॉनच्या सुखोईवर रिव्हेटच्या नादी लागूच नका. 1/20 मध्ये ते दिसत नाहीत, पेन्सिलीच्या पॅनल-रेघा आणि नीट केलेला राखाडी रंग पुरतो.

रंगात लहान मापाला मूळ छटा जशीच्या तशी गडद वाटते. त्यात साधारण दहावा हिस्सा पांढरा किंवा फिका राखाडी मिसळा. बर्मा आघाडीवरचं थंडरबोल्ट केलंत तर चक्रचिन्हातला लाल गोल टाकायचा नाही. जपानी चिन्हाशी गफलत नको म्हणून तो तिथे काढून टाकला होता, निळ्या वर्तुळात मध्यभागी फिका निळा ठेवत. काजळीच्या जागाही विमानागणिक बदलतात. स्पिटफायरची एक्झॉस्टची तोंडं नाकाच्या दोन्ही बाजूंना रांगेत आहेत, काळपट पट्टा तिथून पंखाच्या मुळाकडे जातो. थंडरबोल्टचा टर्बो (इंजिनाला हवा दाबून देणारं यंत्र) मागच्या धडाच्या पोटात आहे, म्हणून काजळी काउलिंगच्या मागे खालच्या अंगाला आणि टर्बोच्या तोंडाशी. नाकावर स्पिटफायरसारखे पट्टे ओढलेलं थंडरबोल्ट जाणकाराच्या नजरेतून सुटत नाही. पेस्टल खडूची पूड कोरड्या ब्रशने घासा, मग मॅट क्लिअरचा एक हलका हात. पालमच्या हवाई दलाच्या संग्रहालयात स्पिटफायर आणि हरिकेन दोन्ही आहेत. दिल्लीला जाणं झालं तर पॅनलचे जवळून फोटो काढून आणा.

मोटर-बॅटरीचं थोडक्यात

2.6 किलोच्या थंडरबोल्टला 650 वॅट पुरतात: 700 केव्हीच्या (दर व्होल्टला मिनिटाला 700 फेरे) आसपासची मोटर, 14×7 इंची प्रॉपेलर, 60 ते 70 अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग नियंत्रक), 4 सेलची 4000 एमएएचची लिपो. सुखोईला 2212 मापाची 2200 केव्ही मोटर, 6×4 प्रॉपेलर, 40 अँपिअरचा ईएससी आणि 3 सेलची 2200 एमएएच. एकूण वजन 750 ग्रॅमच्या वर जाऊ देऊ नका.

नाशिकचं हवामान आणि मैदान

जुलै-ऑगस्टमध्ये सांगाडा बांधा, रंग ऑक्टोबरनंतर. दमट हवेत लॅकर फवारला की सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर बाष्प धरतं आणि पांढरट ढग उमटतो. सीएची बाटली हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा. डिसेंबर-जानेवारीत उलटी अडचण: निफाडच्या बाजूला पारा 10 अंशांच्या खाली उतरतो तेव्हा इपॉक्सी रात्रभर चिकटच राहतो. कापड लावलेला पंख 20 अंशांच्या वर राहील अशा खोलीत ठेवा. एप्रिलच्या उन्हात बंद गाडीत गडद हिरवं ईपीओ विमान ठेवलं तर रंगाखाली फोड येतात आणि ग्लू गनचे सांधे सुटतात. तिथे प्लॅस्टिक फिल्मने मढवलेल्या बाल्साची फक्त फिल्म सैल पडते, इस्त्री फिरवली की पुन्हा ताणते.

रिट्रॅक्टचा मोह आवरा. मुरमाड माळावर किंवा काळ्या मातीच्या ढेकळांत पहिली वाकते ती रिट्रॅक्टची पिन, मग पाय अर्धवट अडकतो. पहिल्या हंगामात 4 मिलिमीटर पियानो वायरचे पक्के पाय आणि 90 मिलिमीटरची चाकं लावा, रिट्रॅक्टची जागा मोकळी सोडून. स्केलला चाकं जरा मोठी दिसतील, दिसू द्या. कांद्याचं रान टाळा, वाफ्यांच्या वरंब्यावर चाक अडून विमान नाकावर उलटतं. गहू काढलेलं सपाट रान उत्तम, शेतकऱ्याला विचारून. जवळ द्राक्षबाग असेल तर चक्कर तिच्या विरुद्ध बाजूने घ्या. मांडवाची तार बाल्सा पंखाच्या पुढच्या कडेतून थेट स्पारपर्यंत (पंखाच्या मुख्य दांड्यापर्यंत) चिरत जाते आणि दुरुस्ती म्हणजे अर्धा पंख नव्याने. ईपीओचा पंख त्याच तारेत दोन तुकडे होऊन येतो, पण कार्बन नळी आणि इपॉक्सी घालून आठवड्याच्या आत उडतो. डेप्रॉनला नवा पंख कापायला एक रविवार पुरतो.

ड्रोन नियम 2021 प्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून 8 किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच परवानगी लागते, 8 ते 12 किलोमीटरमध्ये 200 फुटांच्या वर. म्हणजे ओझर, जानोरी, मोहाडीकडची रानं कितीही सपाट असली तरी यादीतून काढा. देवळाली लष्करी भाग आहे, तिथेही नको. 250 ग्रॅमवरचं विमान असल्याने नोंदणीचं बघा, आणि मैदान ठरवण्याआधी सरकारच्या डिजिटल स्काय ड्रोन-नकाशावर ती जागा हिरव्या (परवानगी न लागणाऱ्या) पट्ट्यात आहे का ते तपासा.