नवी पेठेतलं शेअर ब्रोकरच्या अधिकृत प्रतिनिधीचं ऑफिस : पेनी शेअर विकायला कसं?

दोन-चार रुपयांचे शेअर विकायचे तर इथला डीलर पाच मिनिटं जास्त घेतो, पण ती वाया जात नाहीत. आधी स्क्रीनवर डेप्थ दाखवतो, म्हणजे कोणत्या भावाला किती शेअरची मागणी आहे ते. समजा कालचा बंद भाव २.०० आणि खरेदीला १.९५ वर ४,०००, १.९४ वर २,५००, १.९० वर २०,००० शेअर. २५,००० शेअर ‘मार्केट’ला, म्हणजे मिळेल त्या भावाला, टाकले की सरासरी १.९१ पडते आणि पाच टक्क्यांचं लोअर सर्किट (भाव त्या दिवशी ज्याखाली जाऊ शकत नाही ती मर्यादा, इथे १.९०) आपल्याच हाताने लागतं! म्हणून तो लिमिट (याहून कमी भावात विकायचं नाही अशी अट) लावूनच, तुकड्यातुकड्यांनी विकतो.

लोक का विकतात, हेही नीट सांगतो: प्रेफरन्शियल शेअरचा (कंपनीने निवडक लोकांना थेट दिलेल्या शेअरचा) लॉक-इन, म्हणजे विक्रीबंदीचा काळ, सुटला, प्रवर्तकाचे गहाण शेअर सावकाराने विकायला काढले, शेअर जीएसएममध्ये (एक्सचेंजच्या कडक देखरेखीच्या यादीत) गेला, किंवा मार्चअखेर करासाठी तोटा दाखवायचाय. घेणारे मोजके, त्यामुळे थोड्या विक्रीनेही भाव कोसळतो. सलग तीन सर्किट म्हणजे २.०० चा १.७२. सर्किटला सगळ्यांचा भाव एकच, म्हणून रांगेत ज्याची ऑर्डर आधी, त्याचा माल आधी. नऊच्या ठोक्याला प्री-ओपनमध्ये (बाजार उघडण्याआधीच्या सत्रात) ऑर्डर टाकायला मात्र इथे सांगून ठेवावं लागतं, नाहीतर चहा संपेपर्यंत रांग लाखांत जाते.

खटकलं ते डीपी चार्जचं, म्हणजे विकलेले शेअर डीमॅट खात्यातून काढण्याच्या शुल्काचं. तो कंपनीमागे दिवसाला एकदा लागतो, त्यामुळे चार दिवसांत तुकडे केले तर चारदा. हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. ब्रोकरेजही मोबाईल ॲपपेक्षा महागच.